दोन म्हशींची खुर्ची

ग्रंथशाळेत पाठ टेकायची नाही.

हा नियम होता. का, असं विचारायचं नाही, हा त्याच्या पोटातला दुसरा नियम होता.

गोष्ट फार जुन्या काळातली आहे, एका राज्यातली. तेव्हा ग्रंथ हातानं लिहिले जात आणि 'का' विचारणाऱ्या मुलीला आगाऊ म्हणत. यातलं ग्रंथ हातानं लिहिणं आता बंद झालं आहे.

त्या राज्यात नदीकाठी एक मोठी ग्रंथशाळा होती. चाळीस लेखक तिथे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत जुन्या पोथ्यांच्या नकला करत. पोथी ठेवायला शिसवी चौरंग होते. त्यांना चांदीचे कोपरे, वर रेशमी फडकं. चौरंगाची उंची अशी बेतलेली, की पोथीच्या पानांना बाक येऊ नये. लेखकाला मात्र एक दगडी शिळा. तिच्यावर मांडी घालायची, गुडघ्यांवर फळी घ्यायची आणि वाकून लिहायचं.

लेखकांच्या मागे हातभर अंतरावर भिंत होती. तिला दर पंधरवड्याला चुना फासत, आणि तो मुद्दाम कच्चा ठेवत. बोट लावलं तर बोट पांढरं व्हावं, असा. कोणी दमून पाठ टेकली, की अंगरख्यावर पांढरा डाग उमटे. मग संध्याकाळी त्या माणसाला बाकीच्यांकडे पाठ करून उभं राहावं लागे, सगळ्यांनी डाग पाहीपर्यंत.

उलट वर्षातून एकदा सर्वांत वाकलेल्या पाठीला चंदनाचा लेप लावून तिच्यावर शाल पांघरत. शाल मिळाली की तो माणूस ज्येष्ठ झाला. ज्येष्ठ आपली शाल कधीच उतरवत नसत, चैत्रातल्या उकाड्यातही नाही. बायकांना शाल द्यायची प्रथा नव्हती. बायका वाकायच्याच, त्यात कसला मान, असं म्हणत.

हयात ज्येष्ठ तीन होते. एक स्वतः आचार्य, ग्रंथशाळेचे मुख्य. दुसरे कोठीच्या किल्ल्या सांभाळत, म्हणून त्यांना कोठीवाले म्हणत. तिसरे सर्वांत म्हातारे बाबा. ते इतके वाकले होते, की समोरच्या माणसाच्या पायांकडे बघूनच बोलत, आणि तेही क्वचित.

याच ग्रंथशाळेत एक आक्का होती. तीस वर्षं ती तिथे लिहीत होती. तिच्यासारखं अक्षर राज्यात दुसरं नव्हतं. तिला घर नव्हतं, माणूस नव्हतं. शिळा आणि लेखणी, एवढाच तिचा संसार.

आणि एक मुलगी होती, वीस वर्षांची, लेखकांत सर्वांत लहान. तिच्या बोटाला धरून पहिला 'श्री' आक्कानंच गिरवून घेतला होता.

एके दिवशी दूरच्या खेड्यातून एक कुंभार आला. त्याच्या घरातले पाच जण विषबाधेनं आजारी पडून कसेबसे वाचले होते. गावच्या वैद्यानं ग्रंथशाळेतून नेलेल्या पोथीत पाहूनच त्यांना रानकंद दिला होता. मूळ पोथी काढली. तीत लिहिलं होतं, कंद उकळावा, पहिलं पाणी फेकून द्यावं, मग पुन्हा उकळावा. नकलेत मधली ओळच नव्हती.

ती नक्कल आक्काच्या हातची होती.

आक्का कुंभाराच्या पाया पडली. कुंभारच घाबरला. "अहो बाई, उठा, पोरं बरी आहेत आता," तो म्हणत राहिला. पण ग्रंथशाळेचा अजून एक नियम होता. ज्याच्या हातून ओळ गळली, त्याची लेखणी पौर्णिमेच्या सकाळी सभेत मोडायची आणि त्याला निरोप द्यायचा. आणि लेखणी मोडायची ती सर्वांत लहान लेखकानं, म्हणजे त्याला जन्मभर धाक राहतो.

पौर्णिमेला सव्वीस दिवस होते. सर्वांत लहान कोण, ते तुम्हाला माहीत आहेच.

मुलगी आक्काजवळ जाऊन बसली. "आक्का, नवव्या पानावर ओळ गळली. तेव्हा काय झालं होतं?"

"काय व्हायचंय? म्हातारी झाले."

"आठव्या पानापर्यंत म्हातारी नव्हतीस?"

आक्का हसली आणि मग आठवायला लागली. "नववं पान… तेव्हा डावा पाय गेला होता बघ. मेल्यासारखा. मांडी बदलली मी, फळी सरकली. पुन्हा पोथीत पाहिलं आणि लिहायला लागले. 'उकळावा' दोनदा होतं ना तिथे? बहुतेक खालच्यावर नजर बसली."

त्यानंतर पाच दिवस मुलीनं स्वतःची लेखणी खाली ठेवली आणि फक्त पाहिलं. कोणी मांडी बदलली, की ती जाऊन त्याच्या त्या पानात गवताची काडी घाली. लेखक वैतागले. एक जण म्हणाला, "माझ्या पोथीत चारा का भरतेस गं? हिला कुणी गाय समजेल." पण पाच दिवसांनी सगळी पानं मुळाशी ताडून पाहिली, तेव्हा अकरा ठिकाणी शब्द किंवा ओळी गळलेल्या निघाल्या. त्यांतल्या दहा ठिकाणी काडी होती.

ती पानं घेऊन मुलगी ज्येष्ठांपुढे उभी राहिली.

"आक्का चुकली नाही. तिचा पाय बधिर झाला, पाठ भरून आली, म्हणून ती हलली, आणि हलली म्हणून ओळ गेली. असं सगळ्यांचंच होतं. लेखकांना टेकून बसायला नीट आसन द्या. ओळी गळायच्या थांबतील."

कोठीवाले हसले. "आसन! अगं, आम्ही काय लोळून लिहिलं होय? पन्नास वर्षं याच शिळेवर बसलो."

"म्हणूनच तुम्हाला उठताना दोन माणसं लागतात."

"जीभ आवर," आचार्य म्हणाले. मोठ्या आवाजात नाही. ते कधीच ओरडत नसत. "पाठ टेकली की मन सैल पडतं. मन सैल पडलं की चुका होतात."

"पण चुका तर न टेकताच झाल्या! ही बघा ना, काडी…"

"शिवाय आसनांना लागणारा खर्च कुठून आणायचा?" कोठीवाले म्हणाले. "या वर्षी चौरंगांच्या चांदीला उजाळा द्यायचाय."

मुलीची कानशिलं तापली. पोथीला बाक येऊ नये म्हणून चांदी, आणि जी पाठ ती पोथी लिहिते तिला दगड! पण आचार्य पुढे म्हणाले, "पौर्णिमेपर्यंत सिद्ध करून दाखव. आसन तुझं तू आण. मग आक्काच्या लेखणीचं पाहू."

एवढं तरी मिळालं.

मुलगी बाजारात गेली. तिथे पोतंभर भाताला एक खुर्ची मिळत होती. लाल रंग, पाठीवर दोन मोर, हातांना पितळी फुलं. विकणारा म्हणाला, "ताई, सरदारांच्या वाड्यात अशीच आहे." मुलगी खूश झाली. पोतंभर भातात आक्का वाचते, तर काय वाईट?

खुर्ची आली. आक्का बसली तर तिचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबू लागले. पाठ फळीसारखी सरळ, मोर नेमके कण्याला टोचत. दुसऱ्या दिवशी आक्का म्हणाली, "पोरी, रागावू नकोस, पण माझी शिळा बरी होती." मुलीला पटेना. "तुला बसताच येत नाही, थांब," म्हणून तिसऱ्या दिवशी ती स्वतः बसली. चौथ्या दिवशी खुर्चीचा मागचा पाय कडाडकन मोडला आणि मुलगी शाईच्या बुधल्यावर पडली.

आख्खी ग्रंथशाळा हसली. कोठीवाले तर डोळे पुसत म्हणाले, "बाळ, आमच्या शिळेनं आजवर कुणाला पाडलेलं नाही हो!"

खरं सांगायचं, तर चूक मुलीचीच होती. तिनं मोर पाहिले, आक्काचे पाय पाहिले नाहीत. शाईनं काळी झालेली ती नदीवर हात धूत बसली, तेव्हा तिला रडू आलं. मग रडणं संपलं, राग तेवढा उरला, आणि ती उठली.

नदीपलीकडे एक सुतार राहत होता. त्याच्याकडे फारसं कुणी जात नसे, कारण तो महाग होता आणि घासाघीस केली तर बोलणंच बंद करी. मुलगी त्याच्या दारात उभी राहिली.

"मला खुर्ची हवी."

"कुणाला बसायला?"

"आक्काला. लिहायला."

"मग तिला बघितल्याबिगर कसं सांगू? उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी सुतार ग्रंथशाळेच्या पायरीवर दिवसभर बसून राहिला. आक्का कशी बसते, कुठे हात ठेवते, कधी मांडी बदलते, हे तो बघत होता. मग त्यानं सुतळीनं तिच्या गुडघ्याखालचं माप घेतलं, मांडीचं घेतलं, कंबर जिथे आत वळते तिथलं घेतलं. "तीस वर्षं बसताय? दगडावर?" त्यानं विचारलं, आणि जीभ चुकचुकवली, बैलाच्या खांद्यावरची जखम बघून चुकचुकवावी तशी.

"किती होतील?" मुलीनं विचारलं.

"दोन दुभत्या म्हशी."

मुलीच्या वडिलांनी दोनच म्हशी तिच्या नावानं राखल्या होत्या, तिच्या लग्नाच्या वेळी कामी याव्यात म्हणून.

"पोतंभर भातात पण मिळते बाजारात," ती म्हणाली.

"मिळती की. मोडली ती हीच ना?" सुतार म्हणाला. "माझं सागवान सात वर्षं सावलीत वाळलंय. कच्चं लाकूड सहा महिन्यांत पीळ खातं. खिळा मी मारत न्हाई, सांधा सांध्यात बसवतो. मागं कमरेला बाक देणार, बसायला वेत विणणार, म्हंजी घाम धरायचा न्हाई. पायाखाली पाट. आणि खाली पाचरी, उंची कमीजास्त कराया. ही बाई जाईल, तिची चेलीण बसंल, तिची चेलीण बसंल. म्हस किती वर्षं दूध देती गं?"

मुलगी घरी गेली. आई चुलीपुढून ओरडली, "म्हशी देऊन खुर्ची? लोक काय म्हणतील? लग्नाच्या म्हशी त्या!"

"आणि पाठच मोडली तर लग्नात उभी कशी राहू? तू धरून ठेवशील?"

वडील आयुष्यभर ओझी वाहून थकलेले होते. शेवटी त्यांनीच दावी सोडली. "ने," ते म्हणाले. "पण तांबडीला माझ्याकडून एक पेंडी घाल."

सुतारानं आठ दिवस घेतले. खुर्ची आली ती साधी होती. रंग नाही, मोर नाहीत. कोठीवाले तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "दोन म्हशी! दूध किती देते ही?" ग्रंथशाळा पुन्हा हसली.

आक्का भीतभीत बसली. पाय पाटावर टेकले. कंबर मागच्या बाकाला लागली. तिनं लगेच दचकून पाठ पुढे घेतली आणि पदर मागून झटकला. चुना लागला असं वाटलं तिला.

"आक्का, ते लाकूड आहे," मुलगी म्हणाली.

आक्कानं पुन्हा पाठ टेकली. या वेळी हळूच. मग तिनं डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. काही लेखकांना वाटलं, झोपली. आचार्य म्हणतात ते खरं, टेकलं की मन सैल पडतं! पण आक्कानं डोळे उघडले, बोरू शाईत बुडवला आणि लिहायला घेतलं.

जाताना सुतार सांगून गेला होता, "खुर्ची चांगली हाय म्हणून दिसभर चिकटून बसू नका. घटका दोन घटकांनी उठा, चार पावलं चाला. पाठ माणसाची हाय, ती हलाया मागतीच." तेही आक्कानं पाळलं. उठताना ती पोथीतल्या ओळीवर एक काडी आडवी ठेवून उठे. आपण कधी हलायचं हे आता तिचा बधिर पाय नव्हे, ती ठरवत होती.

सात दिवस तिनं तीच वैद्यकाची पोथी पुन्हा उतरवली. रोज संध्याकाळी तिघे ज्येष्ठ स्वतः पानं ताडून पाहत. आठ पानं, सोळा पानं, चाळीस पानं. सातव्या दिवशी शेवटचं पान झालं, तेव्हा आख्ख्या पोथीत एक काना चुकला होता. ओळ एकही गळली नव्हती.

पौर्णिमेची सकाळ झाली. सभा भरली. लेखक शिळांवर, ज्येष्ठ समोर ओट्यावर. बाबांना धरून आणून बसवलं होतं. मधोमध आक्का उभी होती, आणि तिच्या पुढ्यात तबकात तिची लेखणी.

आचार्य म्हणाले, "खुर्ची चांगली आहे. ते मी मान्य करतो. असं आसन ग्रंथशाळेची शोभा आहे. आजपासून ते या ओट्यावर राहील, ज्येष्ठांच्या मानाचं आसन म्हणून."

"ते आक्काच्या मापाचं आहे," मुलगी म्हणाली.

"मधे बोलू नकोस. राहिली गोष्ट गळलेल्या ओळीची. ओळ का गळली ते आता कळलं. पण गळली, हे खरं आहे. नियम कारण विचारत नाही." त्यांनी तबकाकडे हात केला. "उचल. मोड."

मुलीनं लेखणीला हात लावला नाही. नदीवर धोबी कपडे आपटत होते, तेवढाच आवाज येत होता.

आचार्यांचा आवाज अजून खाली गेला. "हे सोपं नाही, मला ठाऊक आहे. मी तुझ्या वयाचा होतो, तेव्हा माझ्या गुरूंची लेखणी मी मोडली होती. याच जागी. त्यांच्याही हातून ओळच गळली होती."

मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं. आजवर तिला त्यांचा राग येत होता. आता पहिल्यांदा तिला कळलं, की हा माणूस खुर्चीला एवढा का घाबरतो. खुर्ची खरी ठरली, तर त्या दिवशी त्यानं विनाकारण एका माणसाचं आयुष्य मोडलं होतं.

तिला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून ती गप्प बसली नाही. बसायला नकोच होतं.

"तुमचे गुरूही मांडी बदलत होते का हो, आचार्य?"

आचार्य आपली शाल सारखी करू लागले.

"बदलत असणार. तुम्ही तेव्हा त्यांच्या शेजारी बसत होता. तुम्ही पाहिलं असणार." तिनं तबकातली लेखणी उचलली. कोठीवाल्यांनी मान डोलावली, त्यांना वाटलं, झालं एकदाचं. मुलीनं ती लेखणी आक्काच्या हातात दिली आणि तिची बोटं त्यावर मिटवली.

"मी मोडणार नाही. आज नाही, पुढच्या पौर्णिमेला नाही, कधीच नाही. आणि माझ्यानंतर सर्वांत लहान म्हणून जी कुणी येईल, तिलाही मी हेच शिकवीन. तुम्ही सोसलंत, त्याचं मला खरंच दुःख आहे. पण तुमचं दुःख खरं ठरावं म्हणून मी आक्काला मोडणार नाही."

कोठीवाल्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांच्या शेजारी काहीतरी हललं.

म्हातारे बाबा आपली शाल उतरवत होते. वेळ लागत होता, पण ते थांबले नाहीत. आजवर कुणी त्यांना शालीवाचून पाहिलं नव्हतं. शाल खाली आली, ते वळले, आणि चाळीस लेखकांना त्यांची पाठ दिसली. अंगरख्यावर चुना होता. एक डाग नव्हे. थरावर थर, जुना पिवळट, त्यावर नवा पांढरा, खांद्यांपासून कमरेपर्यंत. किती वर्षं ते कुणी नसताना त्या भिंतीला टेकत होते, देव जाणे.

बाबांनी शालीची चौघडी घातली, जवळच्या रिकाम्या शिळेवर ठेवली, आणि तिच्यावर बसले.

आचार्यांनी कोठीवाल्यांकडे पाहिलं. कोठीवाल्यांनी आपली शाल गळ्याशी घट्ट धरली होती. मग दोघांनीही नजर खाली घातली. आचार्यांनी रिकामं तबक उचलून आत पाठवलं.

लेखणी मोडली गेली नाही, आणि खुर्चीही आक्काकडेच राहिली. भिंतीला चुना फासणं त्या पंधरवड्यातच थांबलं, आणि त्या वर्षी चौरंगांची चांदी उतरवून तिच्यातून नदीपलीकडच्या सुताराला चाळीस खुर्च्या सांगण्यात आल्या. पहिली खुर्ची बाबांच्या मापाची झाली. कुंभाराच्या गावच्या वैद्याकडे नवी पोथी गेली, आणि तीत पहिलं पाणी फेकून द्यायची ओळ आक्कानं जरा ठळक लिहिली होती.

आपण वाकलो म्हणून पुढच्यानंही वाकावं, असं म्हणणाऱ्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं: काम करणाऱ्या पाठीला दिलेलं चांगलं आसन ही चैन नसते, आणि ते नाकारल्याची किंमत मात्र कुणाला ना कुणाला भरावीच लागते.